कारखान्यातील चूल

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना थोडे नवल वाटले असेल. चूल ही स्वयंपाकघरात असावयाची आणि भट्टी कारखान्यात. ह्या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका विशेषतः भगिनीवर्गाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी जन्मभर शाळेत हस्तव्यवसाय, म्हणजे सुतारकाम, लोहारकाम आणि पत्र्याचे काम, शिकविले. पाकशास्त्रातला माझा अधिकार जेवणाऱ्याचा; रांधणाऱ्याचा नव्हे. परंतु लोखंड तापविणे काय किंवा अन्न शिजविणे काय, दोन्ही कामे अखेर उष्णतेचीच. आणि जेथे जेथे माणसे दिवसभर विस्तवापाशी राबतात, तेथे तेथे त्यांनी त्या विस्तवाचा उपयोग आपल्या पोटासाठी करून घेतलेला आहे. त्यांच्या ह्या युक्त्यांत चातुर्य आहे, शास्त्र आहे, आणि एक धोकाही आहे. ह्या तिहींविषयी मला आज बोलावयाचे आहे. त्यांपैकी धोक्याविषयी मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो. कारण तो धडा मला पुस्तकातून मिळालेला नाही.

माझे वडील रेल्वेत फायरमन होते. एंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकावयाचा आणि वाफेचा दाब राखावयाचा, हे त्यांचे काम. आपल्या देशातील ब्रॉडगेज मार्गावरची वाफेची एंजिने १९९५ मध्ये बंद झाली, त्यामुळे हल्लीच्या मुलांनी हा प्रकार पाहिलेला नसेल. मालगाडी घेऊन निघालेले एंजिन एखाद्या आडबाजूच्या स्टेशनात, पुढचा मार्ग मोकळा होईपर्यंत, तास तास उभे राही. घरून नेलेला डबा केव्हाच संपलेला असे. अशा वेळी वडील ज्या फावड्याने कोळसा टाकीत, त्याच फावड्यावर कांदा-बटाटा परतून घेत, कधी दोन अंडी फोडीत. एकदा यार्डात एंजिन उभे असता त्यांनी मला वर उचलून घेतले आणि हा प्रकार प्रत्यक्ष दाखविला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. त्या बटाट्याच्या कापांची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

त्यांनी केले ते असे. प्रथम रिकामे फावडे भट्टीच्या तोंडातून आत सरकवून चांगले तापविले. त्यावरची कोळशाची भुकटी जळून गेली. मग बॉयलरमधून येणाऱ्या कढत पाण्याच्या नळीखाली ते धरले. चर्र असा आवाज झाला, वाफेचा लोट उठला, आणि पाते धुऊन निघाले. रात्रंदिवस कोळसा घासून घासून ते आधीच रुप्यासारखे गुळगुळीत झालेले होते. त्यावर चमचाभर तेल सोडून त्यांनी बटाट्याचे काप मांडले आणि फावडे पुन्हा भट्टीच्या तोंडाशी नेले. मात्र ह्या वेळी ते आत घातले नाही. उंबरठ्यावर धरावे तसे धरले. काप करपू लागले असे वाटले की हात वीतभर मागे घ्यावयाचा, थंड वाटले की पुढे करावयाचा. पाचसात मिनिटांत काम झाले.

लहानपणी मला ती जादू वाटली. पुढे विज्ञानाची चार पुस्तके वाचल्यावर तिच्यातील मर्म कळले. एंजिनाच्या भट्टीतील उष्णता हजार सेंटिग्रेड अंशांच्याही वर जाते. उलट अन्नाची गरज किती? अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडे पुढे गेल्यावर घट्ट होऊ लागतो. भाजी परतावयास दीडशे-पावणेदोनशे अंश पुरतात. आणि पाणी तर शंभर अंशांपलीकडे उघड्या भांड्यात तापतच नाही. म्हणजे भट्टीपाशी उष्णतेचा तुटवडा नसतो. तिच्या अतिरेकाची अडचण असते. हजार अंशांतून दीडशे अंश वेगळे काढून घेणे, ही तेथली खरी कला. वडिलांनी ती दोन साधनांनी साधली. फावड्याचे जाड पाते उष्णता एकदम अन्नाला देत नाही. आधी स्वतःत जिरविते आणि मग सारखी वाटून देते. आणि हाताचे मागेपुढे होणे हे गृहिणीने स्टोव्ह बारीक-मोठा करण्यासारखेच. इंग्लंडातील फायरमन फावड्यावर बेकन आणि अंडी तळीत, ही गोष्ट तिकडे इतकी प्रसिद्ध आहे की हौसेखातर चालविल्या जाणाऱ्या तिकडच्या जुन्या रेल्वेमार्गांवर तो प्रकार आजही करून दाखवितात. तिकडच्या एंजिनांत भट्टीच्या दारावर एक फळी असे. चहाचा डबा तिच्यावर ठेवला की तो प्रवासभर गरम राही.

फावडे हे घाईच्या न्याहारीचे साधन झाले. ज्यांना पूर्ण जेवण हवे होते त्यांनी एंजिनाच्या विस्तवाऐवजी वाफेकडे दृष्टी वळविली. स्पेन देशाच्या उत्तरेस ला रोब्ला नावाचे गाव आहे. तेथील बाजूच्या खाणींतला कोळसा बिल्बाओच्या पोलादाच्या कारखान्यांना पोहोचविण्यासाठी १८९४ मध्ये एक लहान रुंदीचा रेल्वेमार्ग सुरू झाला. डोंगरातून जाणाऱ्या त्या मालगाड्या फार सावकाश चालत, आणि गाडीवरच्या माणसांना दिवसाचे जेवण वाटेतच करावे लागे. त्यांनी एक खास भांडे बनविले. बाहेर पत्र्याचे नळकांडे, आत शिजविण्याचे भांडे, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत एंजिनातून नळीने आणलेली वाफ. घेवड्याचे दाणे आणि मांस त्यात घालून गाडी सुटली की मुक्कामाला पोहोचेपर्यंत जेवण तयार. पुढे वाफेऐवजी खाली लोणारी कोळसा घालण्याची पद्धत पडली, म्हणजे एंजिनावर अवलंबून राहावयास नको. वाफेची एंजिने गेली तरी ते भांडे गेले नाही. बाल्मासेदा ह्या गावी दर वर्षी २३ ऑक्टोबरला संत सेवेरिनोच्या उत्सवात ही भांडी रस्त्यात मांडून घेवडा शिजविण्याची चढाओढ लागते.

ह्या भांड्यातील शास्त्र फावड्याहून निराळे आहे. वाफ अन्नाला स्पर्श करीत नाही. ती भांड्याच्या बाहेरच्या अंगाला लागून पाणी होते, आणि पाणी होताना आपल्या पोटातील पुष्कळशी उष्णता भांड्याला देऊन टाकते. शिवाय ती भट्टीतल्या निखाऱ्यासारखी बेफाम नसते. त्यामुळे अन्न करपण्याचे भय फारच थोडे, आणि ढवळण्यास कोणी नसले तरी चालते. ज्यांचे दोन्ही हात दिवसभर कामात गुंतलेले त्यांना ह्याहून सोयीची चूल कोणती?

एंजिन सोडून आता स्थिर भट्ट्यांकडे येऊ. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या दक्षिणेस इम्प्रुनेता नावाचे गाव विटा, कौले आणि मातीची भांडी ह्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तेथील भट्टीवाल्यांचा एक पदार्थ आहे, त्याचे नाव पेपोसो. मांसाचे स्वस्त, चिवट तुकडे, पुष्कळ लसूण, मूठभर काळी मिरी, मीठ आणि तांबडे मद्य, एवढे मातीच्या भांड्यात घालून ते भांडे भट्टीच्या तोंडाशी ठेवून द्यावयाचे आणि आपण आपल्या कामाला लागावयाचे. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध प्रार्थनामंदिराचा प्रचंड घुमट १४२० ते १४३६ ह्या काळात ब्रुनेलेस्की ह्या शिल्पज्ञाने उभारला. त्या कामावरचे मजूर हेच अन्न खात, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिकेचे कसेही असो, पदार्थ अजून चालू आहे.

मोरोक्को देशातील मराकेश शहरात तोच विचार वेगळ्या रूपाने दिसतो. तेथे सार्वजनिक स्नानगृहांचे पाणी तापविणाऱ्या भट्ट्या असतात. बाजारातले कारागीर सुरईसारख्या उभट मडक्यात मांस, लसूण, जिरे, केशर आणि मुरविलेले लिंबू घालतात, तोंडावर कागद बांधतात, आणि ते मडके कामावर जाता जाता भट्टीवाल्याच्या स्वाधीन करतात. तो ते गरम राखेत पुरून ठेवतो. काही तासांनी मडके परत न्यावयाचे आणि जेवावयाचे. मडक्याचे नाव तांजिया आणि पदार्थाचेही तेच. हा तिकडे पुरुषांनी करावयाचा पदार्थ समजला जातो, आणि त्यात नवल नाही. कारण सारा स्वयंपाक राखच करते.

आपल्याकडेही हे अगदीच अपरिचित नाही. गुऱ्हाळ चालू असताना चुलवाणाच्या कडेच्या राखेत रताळी आणि कणसे पुरून ठेवणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मराकेशचे मडके परके वाटणार नाही. वर काहिलीत रस उकळत असतो. खाली राखेत मुलांची न्याहारी शिजत असते. जळणाचा खर्च गुळाच्या नावे लागलेला, रताळे फुकट.

मांसासारखा चिवट पदार्थ राखेत मऊ होतो ह्याचे कारण थोडक्यात सांगतो. स्नायूंना बांधून ठेवणारे जे तंतू असतात ते तीव्र आचेने मऊ होत नाहीत, उलट आखडतात. परंतु सत्तर-ऐंशी अंशांच्या मंद उष्णतेत काही तास राहिले की ते विरघळून त्यांचा सरसासारखा लगदा होतो. कडधान्याचेही थोडेसे असेच. त्याला घाई चालत नाही. म्हणजे विझत चाललेली राख ही भट्टीच्या दृष्टीने टाकाऊ असली तरी स्वयंपाकाच्या दृष्टीने उत्तम आच होय. हे मर्म एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले तेही एका यंत्रामुळेच, आणि तेही चुकून.

त्या शास्त्रज्ञाचे नाव बेंजामिन थॉम्प्सन, ऊर्फ काउंट रम्फर्ड. जन्म १७५३ साली अमेरिकेत. चाकरी पुढे बव्हेरियाच्या राज्यकर्त्याकडे. त्याने बटाटे वाळविण्यासाठी एक यंत्र केले होते. त्यात मेंढीच्या खांद्याचे मांस भाजते काय, असे त्याच्या मनात आले. तीन तास वाट पाहिली, मांस कच्चेच. आच पुरेशी नाही असे समजून त्याने नाद सोडला आणि तो तुकडा स्वयंपाकिणींच्या हवाली केला. रात्र झाली होती; त्यांनी तो रात्रभर त्याच यंत्रात राहू दिला. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेले आणि चवीला अप्रतिम! कमी आचेत, पण दीर्घ काळ, शिजविण्याच्या पद्धतीचा विचार सुरू झाला की हल्लीचे लेखक ह्या रात्रीचा उल्लेख करतात.

ह्याच रम्फर्डची दुसरी गोष्ट तर आजच्या विषयाचा कळसच म्हणावयास हवा. म्युनिक येथील तोफांच्या कारखान्यात पितळी तोफेला भोक पाडताना तोफ फार तापते, हे त्याने पाहिले. त्याने मुद्दाम बोथट गिरमिट लावले, तोफेचा तो भाग पाण्याच्या पेटीत बुडविला, आणि घोडे जुंपून यंत्र फिरविले. पेटीत सुमारे साडेआठ किलो थंड पाणी होते. अडीच तासांनी ते पाणी खळखळून उकळू लागले. कोठेही विस्तव नाही आणि पाणी उकळते, हे पाहून भोवतालचे लोक थक्क झाले. उष्णता हा पदार्थात साठविलेला एखादा द्रव नसून ती गतीतून उत्पन्न होते, असा निष्कर्ष त्याने ह्या प्रयोगावरून काढला आणि १७९८ मध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला. परंतु गृहिणींना आवडेल तो भाग पुढेच आहे. त्याने लिहून ठेवले आहे की अडीअडचणीला ह्या उष्णतेवर अन्नही शिजविता येईल. मात्र ते कधीच परवडणार नाही, कारण घोड्याला जो चारा घालावा लागतो तोच चुलीत जाळला तर अधिक उष्णता मिळेल! युक्ती सुचणे वेगळे आणि युक्ती परवडणे वेगळे, हा हिशेब त्याने तेथल्या तेथे करून टाकला. भट्टीवरची चूल स्वस्त पडते ती तिची उष्णता एरवी वायाच जाणार असते म्हणून. केवळ भाकरीसाठी कोणी एंजिन पेटवीत नाही.

येथपर्यंत आपण कारखान्यात शिजलेले अन्न पाहिले. आता उलट दिशेने, कारखान्यातून घरात आलेल्या दोन वस्तू पाहू. अमेरिकेतील शिकागो शहराजवळ समुद्रातील तरंगत्या खुणांचे पोकळ लोखंडी गोळे बनविणारा एक कारखाना होता. तेथील जॉर्ज स्टीफन ह्या गृहस्थांना अंगणात मांस भाजण्याचा शौक होता; परंतु उघड्या शेगडीवर वारा आणि राख ह्यांचा त्रास फार. १९५२ मध्ये त्यांनी असा एक गोळा मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला पाय लावून त्यात कोळसा घातला, वरच्या अर्ध्याचे झाकण केले. झाकण घालताच विस्तव गुदमरू लागला, तेव्हा हवेसाठी भोके पाडली. एवढ्याने शेगडीची भट्टी झाली: उष्णता झाकणावरून परतून अन्नाला वरूनही लागू लागली, आणि भोके कमी-अधिक उघडून आच हवी तशी राखता येऊ लागली. ही झाकणाची शेगडी आज जगभर विकली जाते.

दुसरी वस्तू पुष्कळ घरांत असेल. महायुद्धात शत्रूची विमाने हुडकण्यासाठी रडार यंत्र वापरीत. त्याच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते. अमेरिकेतील एका कारखान्यात त्या नळ्यांवर काम करणारे पर्सी स्पेन्सर ह्यांच्या खिशातली मिठाईची वडी, नळीजवळ उभे असता, विरघळली. इतरांनी खिसा धुतला असता. त्यांनी मक्याचे दाणे मागविले. ते नळीसमोर फुटून लाह्या झाल्या. १९४५ मध्ये त्यांनी ह्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये पहिली मायक्रोवेव्ह भट्टी विक्रीस आली. ती माणसाएवढी उंच आणि तीनशे किलोंहून जड होती. स्पेन्सर ह्यांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले होते. लहानपणीच ते गिरणीत कामाला लागले. मीही मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही, म्हणून हा तपशील मला विशेष प्रिय आहे.

आमच्या स्वतःच्या घरातही कारखान्याच्या केरावर चालणारी एक चूल होती, ती म्हणजे भुशाची शेगडी. लाकडाच्या वखारीत करवतीखाली पडणारा भुसा पोत्याने स्वस्त मिळे. पत्र्याच्या डब्याला खाली एका बाजूस भोक. त्या भोकातून एक दांडका आडवा घालावयाचा, मध्ये एक बाटली उभी धरावयाची, आणि भोवती भुसा ठोकून ठोकून गच्च भरावयाचा. मग बाटली आणि दांडका हलकेच काढून घेतले की आत बोगदा तयार होतो. खालून कागद पेटवून घातला की भुसा फक्त बोगद्याच्या अंगाने जळतो. कारण हवा तेवढ्याच भागाला मिळते. सैल भुसा नुसता धुमसला असता. गच्च भुसा दोन-तीन तास एकसारखी आच देतो. माझी आई सकाळी सात वाजता ही शेगडी पेटवी आणि सगळ्यांची जेवणे होईपर्यंत तिच्यात पुन्हा काही घालावे लागत नसे. भुसा नीट ठोकला नाही तर मात्र भिंत कोसळे, आणि ठोकणारा मीच असल्याने बोलणीही मलाच बसत.

श्रोतेहो, आता मी मघाशी म्हटलेल्या धोक्याकडे येतो.

वर्ष १९९१. आमच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन जवळ आले होते आणि माझ्या वर्गातील सहा मुले कर्मशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबून काम करीत होती. मुलांना रमविण्यासाठी मी त्यांना वडिलांच्या फावड्याची गोष्ट सांगितली होती. जरा रंगवूनच सांगितली होती. त्याचा परिणाम असा झाला की एका संध्याकाळी मी कार्यालयातून परत येतो तो मुलांनी लोहाराच्या भट्टीवर स्वयंपाक मांडलेला! निखाऱ्यात बटाटे भाजले होते आणि डब्यात चिंचगुळाची आमटी उकळत होती. डबाही त्यांनीच त्या सत्रात वर्गात केलेला होता: पांढऱ्या पत्र्याचा, सांध्यांना डाक दिलेला, एक थेंबही न गळणारा. मला कौतुक वाटले. मी रागावलो नाही. ‘शाबास’ म्हणालो. मला घरी जेवावयाचे होते म्हणून मी आमटी घेतली नाही.

तासाभरात पहिल्या मुलाला ओकारी झाली. मग दुसऱ्याला. पोटात कळा, घेरी, घाम. रात्री साडेनऊला सहाही मुलांना रिक्षांतून दवाखान्यात नेले. सुदैवाने सकाळपर्यंत सगळी सावरली. परंतु त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलो असता एका मुलाची आई माझ्याजवळ आली. शिवणकाम करून घर चालविणारी ती बाई. शाळा फारशी पाहिलेली नसावी. ती रागाने बोलली नाही. तिने एवढेच विचारले, “गुरुजी, आमटी आंबट होती म्हणता, मग भांड्याला कल्हई होती का?”

मला उत्तर देता आले नाही. पांढरा पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. जस्त आम्लात विरघळते, हे मी त्याच सत्रात फळ्यावर लिहून दिले होते. परीक्षेत त्यावर प्रश्न घातला होता, आणि त्या सहांपैकी पाच मुलांनी त्याचे उत्तर बरोबर लिहिले होते. चिंच हे आम्ल आहे, हेही त्यांना ठाऊक होते आणि मलाही. परंतु पुस्तकातले आम्ल आणि आमटीतली चिंच ह्यांची गाठ आमच्या कोणाच्याच डोक्यात पडली नव्हती. त्या बाईच्या डोक्यात ती केव्हाच पडलेली होती. शिवाय सांध्यांना दिलेल्या डाकेत कथलाबरोबर शिसे होते. जस्ताने लगेच ओकारी होते, म्हणून ते निदान कळते तरी. शिसे चोरपावलांनी अंगात साठते आणि लहान मुलांच्या बुद्धीवर घाला घालते. ती आमटी मुलांनी एकदाच खाल्ली, हे माझे भाग्य. रोज खाल्ली असती तर?

आपल्या भाषेत एक शब्द आहे: कळकणे. ताक पितळेच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, असे आपली आजी सांगे. तांबे आणि पितळ आंबटाला लागून अन्नात उतरतात, हा रसायनशास्त्राचा सिद्धान्त तिने एका क्रियापदात साठवून ठेवला होता. त्यावरचा उपाय म्हणून कल्हईवाला दारोदार फिरत असे. भांडे तापवावयाचे, नवसागर टाकून त्याचे अंग स्वच्छ करावयाचे आणि वितळलेले कथील कापसाने आतून फिरवावयाचे. कथील आमटीला दाद देत नाही. त्यातही कथलात शिशाची भेसळ नको, ही खबरदारी जाणती गृहिणी घेत असे. स्वयंपाकघरातले हे शहाणपण आम्ही कर्मशाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले होते.

तेव्हापासून मी मुलांना फावड्याची गोष्ट सांगताना ती पुरती सांगू लागलो. वडिलांचे फावडे निर्धोक होते ते का? ते नुसत्या पोलादाचे होते, त्याला मुलामा नव्हता. ते आधी विस्तवात तावले जाई आणि कढत पाण्याने धुतले जाई. आणि त्यावर आंबट असे काही शिजत नसे. इम्प्रुनेताचे आणि मराकेशचे भांडे भाजलेल्या मातीचे. स्पेनमधील रेल्वेवाल्यांची वाफ अन्नाला शिवतच नाही. मायक्रोवेव्ह भट्टीतसुद्धा धातूचे भांडे चालत नाही, काचेचे किंवा चिनी मातीचे लागते. म्हणजे जुन्या अनुभवी लोकांनी भट्टी कारखान्याची घेतली, पण भांडे स्वयंपाकाचेच ठेवले. उष्णतेला धंदा नसतो, भांड्याला असतो. जस्त वितळविणारा निखारा आणि भाकरी भाजणारा निखारा एकच. परंतु जस्ताचा डबा आणि भाकरीचा तवा एक नव्हेत.

ह्यातून चार गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या निघतात. हल्ली अंगणात किंवा गच्चीवर हौसेने अन्न भाजण्याची चाल पडली आहे, म्हणून त्या सांगतो. पहिली: पांढऱ्या पत्र्याची बादली, जाळी किंवा पिंप ह्यांचा तवा अथवा शेगडी करू नये. आंबटाने जस्त विरघळते, आणि फार तापविले तर त्याचा धूर होऊन अंगात ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला परिचित आहे. दुसरी: जुने पिंप स्वस्त मिळाले म्हणून आणू नये. त्यात पूर्वी तेल होते, रंग होता की कीटकनाशक होते, हे ते पिंप सांगत नाही. आणि ज्वालाग्राही पदार्थाचे रिकामे पिंप कापताना किंवा तापविताना स्फोट होऊन माणसे दगावतात. तिसरी: भुसा किंवा ढलप्या जाळावयाच्या तर त्या साध्या लाकडाच्या असाव्यात, वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेल्या लाकडाच्या, रंगविलेल्या फळीच्या किंवा प्लायवुडच्या नसाव्यात. चौथी: कोळशाची किंवा भुशाची शेगडी दारेखिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

ती सहा मुले आता पन्नाशीच्या आसपास आली असतील. त्यांतील एकजण पत्र्याच्या कामाचा लहानसा कारखाना चालवितो. काही वर्षांपूर्वी मी तेथे गेलो होतो. दुपारची वेळ होती. कामगारांचे डबे भट्टीच्या बाजूला असलेल्या कट्ट्यावर ओळीने मांडलेले होते आणि भट्टीच्या आयत्या उष्णतेने गरम होत होते. मी सवयीने जवळ जाऊन डब्यांकडे पाहू लागलो. तो हसला आणि म्हणाला, “सर, सगळे स्टीलचे आहेत. मी रोज बघतो.”

भट्टी तीच होती, भूक तीच होती. फक्त भांडे बदलले होते. मला जे सांगावयाचे होते ते एवढेच.